कपडेपटातले कर्ज

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजन समितीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं' असा काहीतरी विषय माझ्या गळ्यात पडणार. बावीस-तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला दुसरं कोण काय विचारणार? पण फोनवरचा आपला मित्र म्हणाला, "ते नको. तू नाटकांचे कपडे करतेस म्हणे. त्यावर बोल." तेव्हा आज मी संगणकावर नाही, कपड्यांवर बोलणार आहे. शिक्षणाने मी इंजिनिअर आहे. वेशभूषेचा अभ्यास मी गेली सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी, पुस्तकं आणि संग्रहालयं धुंडाळत, जमेल तसा केला आहे. त्यामुळे मी जे सांगेन ते विदुषीचं नाही, विद्यार्थिनीचं आहे असं समजा.

हा नाद मला का लागला, ते आधी सांगते. त्याची सुरुवात याच मैदानावर झाली आणि ती अभिमानाने सांगावी अशी नाही.

आम्ही नववीत होतो. स्नेहसंमेलनात हुतात्मा भाई कोतवालांवर नाटुकलं बसवलं होतं. आपल्या भागात त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही, पण बाहेरगावी स्थायिक झालेल्यांची मुलंही आज आली आहेत, म्हणून दोन वाक्यं सांगते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल माथेरानचे. जन्म १ डिसेंबर १९१२. नाभिक समाजातल्या गरीब घरातला हा मुलगा वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत उपनगराध्यक्ष झाला, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला आणि विजेचे मनोरे पाडून मुंबईकडे जाणारा वीजपुरवठा तोडण्याचा मार्ग धरला. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले.

तर त्या नाटुकल्यात एक प्रवेश जंगलातला होता. दस्त्याला भाकरी आणून देणारे वाडीवरचे लोक त्यात होते. आम्हा पाच-सहा मुलींना 'आदिवासी' करायचं ठरलं. कुणी ठरवलं? आम्हीच. वेशभूषेची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली होती. आंब्याची पानं सुतळीत ओवून कमरेला बांधली, कोंबडीची पिसं कपाळपट्टीत खोचली, हातापायांना काजळी फासली, गालांवर चुन्याचे ठिपके दिले. हे कुठून आलं? सिनेमातून. बांबूचे भाले घेऊन आम्ही गोल गोल नाचलो. टाळ्या पडल्या.

माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण ठाकूरवाडीची होती. रोज दीड तास चालत शाळेत यायची. नाटुकल्यात तीही होती. पिसं आली त्या दिवशी तिने तालमीत काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तालमीला आली नाही. "घरी काम आहे," म्हणाली. मी तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली आणि विसरून गेले.

संमेलनाला तिचे वडील आले होते. अंगात पांढरा सदरा, खाली धोतर, डोक्याला मुंडासं. शेवटच्या रांगेच्या मागे उभे होते. म्हणजे खरा ठाकर मैदानाच्या टोकाला उभा होता आणि आम्ही रंगमंचावर पिसं लावून त्याचं सोंग घेत होतो. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र यायला मला पंचवीस वर्षं लागली.

त्या कशा एकत्र आल्या, ते आता सांगते. सहा वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतल्या हौशी नाट्यमंडळाने एक ऐतिहासिक एकांकिका बसवली आणि मला कपडेपट सांभाळायला सांगितला. मी भाड्याने कपडे देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे गेले. त्याने फळ्यांवरची गाठोडी दाखवली. हा मावळा सेट, हा पेशवाई सेट, हा देवादिकांचा, हा कोळी. शेवटचं गाठोडं त्याने सोडलं आणि म्हणाला, "हा आदिवासी सेट." आत बिबट्याच्या ठिपक्यांचं मखमली कापड होतं, प्लॅस्टिकची पानं होती आणि रंगवलेली पिसं होती. मी ते हातात घेतलं आणि मला एकदम माझं नववीचं संमेलन आठवलं. मुंडासं बांधलेले ते वडीलही आठवले.

त्या दिवशी मी काहीच भाड्याने घेतलं नाही. घरी येऊन एक वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'पुरावा काय?' आमच्या धंद्यात ही सवयच असते. एखादी प्रणाली अशी चालते, असं कुणी म्हटलं की आम्ही विचारतो, कशावरून? कपड्यांबद्दल हा प्रश्न मी कधीच विचारला नव्हता.

तुमच्या मुलांना शाळेच्या नाटकासाठी कधी ना कधी कपडे करावे लागतील, म्हणून या वहीतलं थोडं आज तुमच्यासमोर मांडते.

पहिली गोष्ट. 'जुन्या काळचे कपडे' असं काही नसतं. कोण, कुठला, कोणत्या वर्षी, कोणत्या ऋतूत, काय काम करणारा, हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय कापडाला हात लावायचा नाही. एका तारखेने सगळा वेश बदलतो. गांधीजींचं उदाहरण घ्या. दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टर असताना सूट, भारतात परतल्यावर काठेवाडी अंगरखा आणि फेटा, आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी फक्त पंचा नेसायचं ठरवलं. म्हणजे १९२० सालच्या प्रसंगात नुसता पंचा नेसलेले गांधीजी दाखवले तर ते चूक.

'गांधी' या १९८२ च्या चित्रपटासाठी हे सगळं उभं करणारी बाई आपली होती. भानू अथैय्या, माहेरच्या राजोपाध्ये, कोल्हापूरच्या. वडील चित्रकार, स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. जॉन मोलो यांच्याबरोबर त्यांना या कामासाठी ऑस्कर मिळालं आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. पुढे 'लेकिन' आणि 'लगान' यांसाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. २०२० मध्ये त्या गेल्या. 'गांधी'च्या कपड्यांत डोळे दिपवणारं काही नाही. बरंचसं सुती आणि पांढरं. पण नायकाच्या अंगावरचं कापड वर्षागणिक कमी होत जातं आणि त्यातूनच त्याची गोष्ट कळते.

दुसरी गोष्ट, पुरावा. तो शोधायला लंडनला जावं लागत नाही. कर्जतहून कोंदिवड्याला जा आणि राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी पाहा. आपण सगळे तिथे पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला गेलो आहोत. मी मागच्या वर्षी पहिल्यांदा मान वर करून चैत्याचं दर्शनी तोंड पाहिलं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं ते काम आहे. वरच्या चौकटींमध्ये नाचणारी स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. पुरुषांच्या डोक्याला भरदार पागोटी, कमरेला नेसलेलं वस्त्र, अंगावर जड दागिने. तिथेच ब्राह्मी लिपीतला एक छोटा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, असा त्याचा अर्थ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्या तालुक्यात दगडावर आहे आणि शाळेत असताना मला ते माहीत नव्हतं!

पण पुराव्यालाही उलटतपासणी लागते. शिल्पातली माणसं म्हणजे देखणी, सजलेली माणसं. त्या काळी भात लावणारी बाई काय नेसत होती, ते त्या चौकटीत नाही. म्हणून मग पुस्तकांकडे वळावं लागतं. डॉ. मोतीचंद्र यांचं 'प्राचीन भारतीय वेशभूषा' हिंदीत आहे. समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९५१ मध्ये भारतीय वेशावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. मालवणकडच्या माणसाने लिहिलेला हा ग्रंथ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल.

चित्रांचंही तसंच. आपल्या घाटाच्या माथ्यावर, लोणावळ्यापुढे मळवलीला राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. तिथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घराघरात पोहोचली. त्यामुळे सीता-द्रौपदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काठपदराची साडी आणि अंगासरशी शिवलेली चोळी येते. ती चित्रं एकोणिसाव्या शतकातल्या नेसणीचा चांगला पुरावा आहेत, महाभारतकाळाचा नाही. चित्र ज्या काळात काढलं, त्या काळाबद्दल ते जास्त खरं बोलतं.

तिसरी गोष्ट, कापड आणि रंग. दोन स्थानिक प्रसंग घेऊ. एक उंबरखिंडीचा. खोपोलीजवळच्या या खिंडीत २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली. दुसरा भाई कोतवालांचा, १९४२ चा. दोन्हींमध्ये पावणेतीनशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे. पण ड्रेपरीवाल्याच्या दुकानात दोन्ही एकाच पॉलिस्टरच्या ठाणातून निघतात.

१६६१ मध्ये रंग म्हणजे झाडापाल्याचे आणि लाखेसारखे निसर्गातले. नीळ, मंजिष्ठ, आल, हळद. रसायनशाळेत बनलेला पहिला मोठा रंग पर्किन या इंग्रज तरुणाला १८५६ मध्ये, तोही अपघाताने सापडला. कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आली. म्हणजे डोळ्यांत खुपणारा जांभळा किंवा चकचकीत गुलाबी मावळ्याच्या अंगावर येऊ शकत नाही. आणि जंगलात दबा धरून बसणाऱ्या माणसांना एकसारखे सॅटिनचे अंगरखे कोण शिवून देणार? जाडेभरडे सुती कापड, धुऊन विटलेले रंग, खांद्यावर घोंगडी आणि प्रत्येकाचं मुंडासं वेगळं, असं चित्र जास्त पटतं.

मुंडासं, पागोटं आणि पगडी यांतही आपण गल्लत करतो. पागोटं आणि मुंडासं डोक्यावर रोज बांधायचं असतं. पगडी कारागिराने आधीच बांधून ठेवलेली असते, ती टोपीसारखी उचलून घालायची. एवढं कळलं तरी सकाळी घाईत बाहेर पडणाऱ्या पात्राची हालचाल बदलते.

१९४२ ला आलं की प्रश्न वेगळे. रासायनिक रंग चालतील, शिवणयंत्रावर शिवलेला सदरा चालेल, खादी आणि गांधी टोपी तर हवीच. पण टेरिलीन चालणार नाही, कारण इंग्लंडमध्ये त्याचा शोधच १९४१ चा. वेलक्रो त्याच्याही नंतरचं. शिवाय ऋतू पाहायचा. आंदोलन ऑगस्टमध्ये पेटलं. आपल्याकडचा ऑगस्ट आठवा! तेव्हा रानातल्या माणसाच्या डोक्यावर इरलं हवं, पाय अनवाणी आणि चिखलाने भरलेले हवेत. सिद्धगडाचा प्रसंग जानेवारीतला, पहाटेच्या थंडीतला. तिथे घोंगडी हवी. आमच्या नववीच्या नाटुकल्यात भाई कोतवालांच्या पायांत रबरी चपला होत्या आणि मनगटावर कुणाच्या तरी काकांचं स्वयंचलित घड्याळ होतं.

चौथी गोष्ट, नेसण. साडी ही गोष्ट शिवलेली नाही, नेसलेली आहे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. कासोटा कुठे खोचला, ओचा केवढा काढला, लुगडं घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत, यावरून बाई कुठली, काय काम करणारी, सगळं कळतं. हल्ली शिवलेली नऊवारी मिळते, पायजम्यासारखी चढवायची. सोय आहे, मीही वापरली आहे. पण ती घातलेली मुलगी मंचावर पायजमा घातल्यासारखीच चालते. खरं लुगडं नेसलं की खाली बसताना, पाटी उचलताना हात आपोआप ओच्याकडे जातो. तो अभिनय शिकवावा लागत नाही.

इथे कुणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? सिनेमावाले तरी कुठे करतात? चौक-कर्जत रस्त्यावर नितीन चंद्रकांत देसाईंनी एन. डी. स्टुडिओ उभा केला, तेव्हा आपल्यातल्या काहींनी तिथे गर्दीतल्या माणसांची कामं केली. 'जोधा अकबर'चे महाल तिथेच उभे राहिले. त्या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता त्यातला प्रत्येक दागिना सोळाव्या शतकातल्यासारखाच आहे का? नसेलही. वेशभूषाकाराला मोकळीक असते. पण माहीत असून बदल करणं वेगळं आणि माहीतच नसणं वेगळं. राजाच्या अंगावर एक हार जास्त झाला तर राजाचं काही बिघडत नाही. ज्यांना आपलं चित्र स्वतः काढायला कुणी संधी दिली नाही, त्यांच्या अंगावर आपण काही भलतंच चढवलं तर मात्र बिघडतं. आपल्याच जिल्ह्यात, चिरनेरच्या १९३० च्या जंगल सत्याग्रहात हुतात्मा झालेल्यांमध्ये नाग्या महादू कातकरी होते. त्यांना आपण पिसं लावणार का?

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या त्या मैत्रिणीचं घर शोधत गेले. आता वाडीपर्यंत रिक्षा जाते. ती अंगणवाडी चालवते. मला पाहून तिने आधी चहा टाकला. मी माफी मागायला आले होते, पण शब्द काही सापडेनात. शेवटी मी म्हटलं, "तुझ्या आईकडून लुगडं नेसायला शिकायचं आहे." तिची आई हसायला लागली. मग त्यांनी खुंटीवरचं लुगडं काढलं आणि अंगणात मला नेसवलं. गुडघ्यापर्यंत आखूड, कासोटा घट्ट मागे खोचलेला, पदर कमरेला आवळलेला. "लावणीच्या चिखलात लांब लुगडं नेसून चालेल का?" त्यांनी मला विचारलं. गळ्यात मण्यांच्या माळा होत्या. कुठली माळ कधीची, हेही त्यांना पाठ होतं. मी पिसांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "पिसं कोंबड्यांना असतात, बाय."

परत निघताना मैत्रिणीने सांगितलं. संमेलनाच्या रात्री तिचे वडील घरी आले. जेवताना म्हणाले, "नाटक चांगलं केलं पोरांनी. पण ते लोक कुठल्या गावचे होते?"

तिचे वडील आता नाहीत. ते रागावून बोलले नव्हते, त्यांना खरोखरच कळलं नव्हतं, असं ती म्हणाली. मंचावर आपलीच माणसं दाखवली आहेत आणि आपल्यालाच ती ओळखू येत नाहीत! वेशभूषेच्या अभ्यासाचा उपयोग काय, असं मला कुणी विचारलं तर मी हाच प्रश्न सांगते. ज्यांची गोष्ट आहे त्यांना ती ओळखता यावी.

आता तुमच्याकडे माझ्या तीन मागण्या आहेत.

एक. घरातल्या पेट्या उघडा. आजीचं लुगडं, आजोबांचं उपरणं, पणजोबांची टोपी, लग्नातले फोटो, जे असेल त्याचा फोटो काढा आणि सोबत चार ओळी लिहा. कुणाचं, कुठल्या गावचं, साधारण कोणत्या सालचं, कसं नेसायचे. आगरी, मराठा, ठाकर, कातकरी, मुसलमान, सगळ्यांच्या घरचं हवं. ते सगळं एका ठिकाणी नीट लावून शाळेला देण्याचं काम माझं. तेवढं तरी मला येतं.

दोन. जे कापड आहे ते जपा. आपल्याकडची हवा दमट. जरीचं किंवा जुनं रेशमी वस्त्र प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. हॅंगरला टांगू नका, वजनाने फाटतं. पावसाळा संपला की सावलीत वारा द्या आणि घडी दरवेळी वेगळ्या जागी मोडा, नाहीतर त्याच रेषेवर ते चिरतं. डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटू देऊ नका.

तीन. माझी ही मागणी शाळेला आहे आणि मुख्याध्यापक सरांनी ती आधीच मान्य केली आहे. यापुढे संमेलनात ज्या समाजाचं पात्र असेल, त्या समाजातल्या एका तरी मोठ्या माणसाला तालमीला बोलवायचं आणि विचारायचं, असं असतं का?

आज संध्याकाळी सहा वाजता नववीची मुलं भाई कोतवालांवरचं नाटुकलं पुन्हा करणार आहेत. सगळे कपडे सुती आहेत, काही तुमच्याच घरून आलेले आहेत. जंगलातल्या प्रवेशातल्या मुलींना लुगडी नेसवायला माझी मैत्रीण आली आहे. आत्ता ती कपडेपटात आहे, म्हणून इथे दिसत नाही. तिची आई पहिल्या रांगेत बसली आहे.

काही चुका राहिल्याच असतील. एका मुलीने पदराला पिन लावलेली मी सकाळी पाहिली आणि मुद्दाम काढली नाही, कारण पोर घाबरली होती. तुम्हाला आणखी काही दिसलं तर नाटक संपल्यावर मला येऊन सांगा. वही सोबत आणली आहे.